मी मारलेला शेरा

गेल्या द्राक्षहंगामात एका मित्राच्या गाडीतून गिरणाऱ्याहून नाशिकला परतत होतो. तिथल्या मजूरबाजारात पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसे बसली होती. सोबत बोचकी, डबे, कडेवर मुले. बागायतदाराची गाडी आली की एक टोळी उठायची, रोजाचा भाव ठरायचा आणि माणसे गाडीत चढायची. मित्र म्हणाला, "एवढ्या योजना झाल्या, तरी ह्यांचं दैन्य हटत नाही. कुठंतरी ह्यांचीही चूक असणारच."

मी गप्प बसलो. कारण हेच मत मी एकदा बँकेच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी नोंदवले होते.

१९८८ ते ९१ मी पेठ तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. मार्चअखेर उद्दिष्ट गाठायचे म्हणून एका पाड्यावरच्या खातेदाराला आम्ही म्हैस दिली. आदिवासींना निम्मे अनुदान, उरलेले कर्ज. पावसाळाभर म्हैस दूध देत होती, पण ते घ्यायला पाड्यावर गाडी येत नव्हती. पुढे चारा संपला, उन्हाळ्यात म्हैसही गेली. हप्ते थांबले. वसुलीसाठी मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा कुडाचे दार बाहेरून दोरीने बांधलेले. शेजारच्या म्हातारीने सांगितले, "सगळी वणीकडं गेली, द्राक्षाला."

म्हणजे मला कारण माहीत होते. तरीही मी शेरा मारला : 'जाणूनबुजून थकबाकीदार.' रकान्यात काहीतरी लिहायलाच हवे होते, आणि हा शेरा लिहिला की आमच्याकडे कोणी बोट दाखवत नसे.

१९९० साली केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची ग्रामीण कर्जे माफ करण्याची योजना आणली. तिच्यातून जाणूनबुजून थकवणारे वगळले होते. त्याची बाकी तीन हजारांच्या आतच होती. माझ्या दोन शब्दांनी तो यादीबाहेर गेला. शेरा मागे घेता आला असता. त्यासाठी वरच्या कार्यालयाला 'माझी चूक झाली' असे लिहावे लागले असते. माझी बढतीची मुलाखत तोंडावर होती. मी लिहिले नाही.

त्याच काळात माझ्या पगारपत्रकावर एक छोटी कपात असे, व्यवसाय कर. चहाच्या वेळी आम्ही तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घ्यायचो. "खड्डे खणायला आमचे पैसे!" वास्तविक १९८८ पर्यंत घटनेनेच हा कर माणशी वर्षाला २५० रुपयांच्या वर जाऊ दिला नव्हता. १९७५ साली तो लावला गेला रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी १९६५ साली या कल्पनेचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. कराइतकीच भर सरकारनेही घालायची. यात दया कुठेच नव्हती. शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराचे देणे लागतो, एवढे साधे कलम. जगात तेव्हा असा कायदा शोधूनही सापडला नसता. २००५ साली देशानेही तसा केला.

पण त्या हिवाळ्यात त्या पाड्यावर काम निघाले नाही. काम मागायचे तर अर्ज लिहून द्यायचा, पोच घ्यायची. लिहिता येणारा माणूस पाड्यावर नव्हता. अर्ज नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून काम नाही! भात-नागली घरात आली की दाराला दोरी बांधून माणसे निघत. लिहिता येणारा मी दोन कोसांवर शाखेत बसलो होतो. त्याच्या देण्याची पै न् पै माझ्या खातेवहीत होती. त्याला आमच्याकडून जे येणे होते, त्याचे पान आम्ही उघडलेच नव्हते. मी एकाही मजुराला काम मागणीचा अर्ज लिहून दिला नाही, याची आता लाज वाटते.

द्राक्षाच्या मजुरीला मी नावे ठेवत नाही. कित्येकदा तिथला रोज सरकारी कामापेक्षा जास्त असतो, आणि कोणी आपखुशीने येत असेल तर त्याने जरूर यावे. पण गावातले काम नाकारून येणे आणि गावात कामच नाही म्हणून येणे, यांत फरक आहे. गाडीच्या काचेतून तो दिसत नाही. कडेवरच्या मुलाची बहीण शाळा सोडून आलेली असते, तीही दिसत नाही.

मित्राला मी हे सगळे रस्ताभर सांगितले. त्याने विचारले, "मग कर्जाचं काय झालं?"

फिटले. माझ्या बदलीच्या आधी, १९९१ च्या मार्चमध्ये, तो बायकोला घेऊन शाखेत आला. दोन हंगामांची मजुरी फडक्यात बांधलेली, बऱ्याचशा नोटा चुरगळलेल्या. रोखपालाने दोनदा मोजल्या. पावती त्याने टोपीच्या घडीत ठेवली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, आता नाव निघालं ना?"

मी "हो" म्हणालो. त्याच्या फाइलीतला शेरा मात्र तसाच होता.