मशीनमधला ऊस आणि संगणकातला ऊस
(शेती विभागाकडून)



गेल्या हंगामात, डिसेंबर महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास गट ऑफिसात एक वयस्कर सभासद आले. गावात त्यांना सगळे आबाच म्हणतात. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सायब, माझा ४० गुंठं ऊस कुठं गेला तेवढं सांगा."

ऊस कुठेही गेलेला नव्हता. ओढ्याकडेचा तो आडसाली फड तुरा येऊन जागच्या जागी उभा होता. १०० गुंठ्यांपैकी ६० गुंठे तुटले, आणि पुढच्या तोडणी चिठ्ठीला चिटबॉयच्या मशीनने नकार दिला. मुकादमाने दोन दिवस वाट पाहिली, मग टोळी दुसऱ्या फडात नेली. त्याचाही दोष नाही. त्याची माणसे रिकामी बसवून त्याला परवडत नाही. संगणकाच्या हिशेबी आबांचा ऊस संपला होता.

आम्ही कपाटातली जुनी नोंदवही काढली. त्यात आबांच्या नावापुढे ६० वर काट मारून लाल शाईने १०० लिहिलेले, खाली सही. म्हणजे दुरुस्ती झालेली होती. संगणकावर मात्र ६०. मग ही दुरुस्ती खाल्ली कोणी?

याचे उत्तर मिळायला आठवडा गेला, आणि ते उत्तर माझ्याच खुर्चीपाशी येऊन थांबले. म्हणून हा लेख मी लिहितो आहे.

आपल्या शेती मदतनिसांच्या हातात आता एस. टी. च्या कंडक्टरकडे असते तसे मशीन असते. बांधावर उभे राहून गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख त्यात भरायची, सभासदाला छापील चिठ्ठी द्यायची. ओढ्याकाठी रेंज नसते, म्हणून ही माहिती आधी मशीनच्या पोटात राहते. रेंजमध्ये आल्यावर किंवा ऑफिसात वायर जोडल्यावर ती कारखान्याच्या संगणकात जाते, आणि संगणकातील दुरुस्त्या मशीनमध्ये येतात. या देवघेवीला 'सिंक' म्हणतात. दोन ठिकाणची एकच वही रोज जुळवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ.

आता घोळ कसा झाला तो पाहा. लागण झाली त्या वर्षी १२ ऑगस्टला मदतनिसाने अंदाजे ६० गुंठे भरले व त्याच दिवशी सिंक केले. पुढे मोजणी होऊन २० सप्टेंबरला ऑफिसच्या संगणकावर १०० गुंठे अशी दुरुस्ती झाली. एकाच प्लॉटचे दोन आकडे समोर आले तर ज्याची वेळ नंतरची तो खरा धरायचा, असा या कामाचा नियम असतो. नियम वाईट नाही. परंतु ऑगस्टात त्या मशीनची बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ बंद पडले होते, आणि ते पुन्हा लावताना महिना चुकला. मशीनच्या मते ती नोंद १२ ऑक्टोबरची होती! पुढच्या सिंकला संगणकाने सप्टेंबरचे १०० बाजूला सारून 'ऑक्टोबर'चे ६० घेतले. ना लाल दिवा लागला, ना तक्रार आली. उलट पडद्यावर 'सिंक पूर्ण' असेच आले असणार.

घड्याळ मीच लावले होते.

आबांना हे सगळे समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे माझ्या उसापरास तुमच्या घड्याळाला किंमत जास्त." यावर काय बोलणार? उरलेला ऊस तुटायला जानेवारीचा मध्य उजाडला. तुरा आलेला ऊस उभा राहिला की दशी पडते, वजन घटते, हे सभासदांना मी सांगायला नको. त्या मशीनवरच्या सगळ्या नोंदी मग वहीशी लावून पाहिल्या, तेव्हा आणखी काही प्लॉट असेच मागे गेलेले सापडले. ते तोडणीआधी सापडले, हे नशीब.

हे दुखणे काही आपल्याकडचेच नाही. १९९६ साली अमेरिकेत पाम पायलट नावाचे तळहातावरचे यंत्र निघाले. ते एका बैठकीवर ठेवून बटण दाबले की घरच्या संगणकाशी जुळत असे. तेव्हापासून घड्याळ, वायर आणि दुहेरी नोंद या तीन तक्रारी चालूच आहेत. आपल्या जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली व परिसरातल्या ५४ गावांत संगणक केंद्रे उघडली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथल्या ७ गावांत ८ महिने वेगळा प्रयोग केला. त्याची माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. गावातल्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून संदेश पाठवायचा आणि उत्तर संदेशानेच घ्यायचे. तो खर्चाला कमी पडला व शेतकऱ्यांनाही सोयीचा वाटला. मला त्यातली खुबी अशी दिसते, की विचारणारा थेट मुख्य संगणकालाच विचारत होता. हातात दुसरी वही नव्हती, मग जुळवायचे काय? आपल्याला मात्र बांधावर रेंज नाही, म्हणून दुसरी वही बाळगणे भाग आहे.

मदतनीस मित्रांसाठी थोडे. मशीन जुळत नसेल तर पहिल्यांदा तारीख-वेळ पाहा, बाकी सगळे नंतर. वायर बदलून बघा. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जातच नाही. वायर जोडल्यावर मोबाईल नुसता चार्जिंगवर राहतो, त्याला फाईल पाठवायची परवानगी द्यावी लागते. रेंज मध्येच तुटली तर निम्म्या नोंदी गेलेल्या असतात. अशा वेळी बटण दाबत न बसता मशीनमध्ये किती नोंदी आहेत आणि संगणकात किती आल्या, ते दोन आकडे आधी पाहावेत. आणि कुणी कितीही सांगितले, "ॲप काढून परत टाक, चालू हुतंय," तरी आकडे जुळल्याशिवाय ॲप काढायचे नाही. न गेलेल्या नोंदी त्याच्याबरोबर पुसल्या जाऊ शकतात, आणि मग पुन्हा बांधोबांध फिरणे आले.

एकरातला आकडा हेक्टरच्या रकान्यात भरणे हा आणखी एक प्रकार. ७/१२ हेक्टर-आर मध्ये बोलतो, आपण गुंठ्यात. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, त्यात फारसे बिघडत नाही. पण अडीच एकराचे अडीच हेक्टर झाले तर ऊस अडीच पट होतो, आणि तोडणीचा सगळा कार्यक्रम फसतो.

सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बांधावर मिळणारी छापील चिठ्ठी मशीन देते. ती असली म्हणजे नोंद मशीनमध्ये आहे, एवढेच कळते. नोंद संगणकात पोहोचल्यावर मोबाईलवर जो संदेश येतो, तो कारखान्याचा संगणक पाठवतो. दोन्हींवरचा गट नंबर, क्षेत्र व लागणीची तारीख ताडून पाहावी. आबांना सप्टेंबरात १०० गुंठ्यांचा संदेश आला होता, नंतर पुन्हा ६० चा आला. तो नातवाच्या मोबाईलवर गेला आणि कुणी वाचला नाही.

चालू लागण हंगामाच्या नोंदींची गाववार यादी प्रत्येक गट ऑफिसात लावली आहे. ज्यांचा मोबाईल नंबर बदलला आहे किंवा मुला-नातवाच्या नावावर आहे, त्यांनी सभासद क्रमांक घेऊन यावे. लाल शाईची नोंदवहीही टेबलावरच ठेवली आहे, ती मागून पाहावी.