पन्नासपट पाहुणे आणि न झोपणारा मुकादम

दहावीच्या निकालाचा दिवस आठवतोय? तुमची दहावी अजून लांब असेल, पण ताईचा नाहीतर शेजारच्या दादाचा निकाल तर पाहिला असेलच. एक वाजायला दोन मिनिटं कमी. आई देवापुढे दिवा लावून आलेली. बाबा सीट नंबरचा कागद घेऊन उभे. एक वाजतो, ताई बटण दाबते आणि... पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं! गोल, गोल, गोल. पाच मिनिटं झाली, तरी निकालाचा पत्ता नाही. "मेलं ते यंत्र!" आजी वैतागते. ताईचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो.

त्या चक्राच्या पलीकडे काय चाललेलं असतं, ठाऊक आहे? तिथे त्याच क्षणी हजारो-लाखो जण एकाच दारावर धडका देत असतात. दार एवढंसं, गर्दी एवढी मोठी! मग ही गर्दी सांभाळायची कशी? चला, एका खऱ्या गोष्टीतूनच पाहू या.

पंधरा मिनिटांत तारांबळ

जुलै २०१६. अमेरिकेतल्या नियांटिक या कंपनीने 'पोकेमॉन गो' हा खेळ आणला. मोबाइल हातात घ्यायचा, घराबाहेर पडायचं आणि रस्त्यावर, बागेत, देवळाजवळ 'दिसणारे' पोकेमॉन पकडायचे. आपल्याकडे हा खेळ त्याच वर्षी डिसेंबरात आला. सुरुवात झाली ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये.

खेळ सुरू होण्यापूर्वी कंपनीने अंदाज बांधला होता. साधारण इतकी गर्दी होईल आणि अगदीच कहर झाला तर पाचपट. लग्नाला शंभर पाहुणे बोलावले आणि आचाऱ्याला पाचशेंची तयारी ठेवायला सांगितली, असं समजा. पण झालं काय? पहिल्या पंधरा मिनिटांतच गर्दी अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. पुढे तर ती पाचपट नाही, दहापट नाही, तब्बल पन्नासपट झाली! शंभर पानांच्या पंगतीला पाच हजार पाहुणे!

दुसऱ्या दिवशी अमेरिकेत खेळ सुरू व्हायचा होता. नियांटिकने गूगलच्या अभियंत्यांना मदतीला बोलावलं, कारण खेळाचा कारभार गूगलच्याच संगणकांवर चालत होता. तरीही सुरुवातीच्या दिवसांत खेळ वारंवार बंद पडला. मुलं भर रस्त्यात फोनकडे पाहत हिरमुसून उभी राहिली. पण खेळ कायमचा कोसळला मात्र नाही. का? त्याचं उत्तर दडलंय एका डब्यात!

डब्यांची गंमत

न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे अजस्र ट्रक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या पाठीवर लोखंडी पेटारे असतात. तेच कंटेनर. पूर्वी बोटीवर माल चढवायचा, तर हमाल एकेक गोणी, एकेक खोका उचलून नेत. दिवसच्या दिवस जात. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन उद्योजकाची 'आयडियल एक्स' ही बोट ५८ मोठे पेटारे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाली आणि मालवाहतुकीचं रूपच पालटलं. आत कापूस असो की काचसामान, पेटारा बाहेरून सारखाच. कुठल्याही क्रेनने उचला, कुठल्याही ट्रकवर ठेवा.

आता संगणकाकडे या. तुम्ही एक छानसा कार्यक्रम लिहिलात. तुमच्या संगणकावर तो मस्त चालतो, पण मित्राच्या संगणकावर अडून बसतो. "माझ्याकडे तर चालतंय की!" तुम्ही म्हणता. पण त्याच्याकडे लागणारी एखादी छोटी वस्तू नसते किंवा जुनी असते. यावर तोडगा सापडला. कार्यक्रम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच पेटाऱ्यात भरायचं! पोळी, भाजी, लोणचं, चमचा, सगळं एका डब्यात. डबा उघडा आणि जेवायला बसा. कल्पना जुनीच होती, पण २०१३ साली 'डॉकर' नावाची प्रणाली आली आणि ती घरोघरी पोचली. डॉकरचं चिन्ह काय आहे, सांगू? पाठीवर पेटारे घेतलेला देवमासा!

मुकादम पाहिजे!

एक डबा सांभाळणं सोपं, पण हजारो डबे आणि शेकडो संगणक असले तर? असे एकत्र काम करणारे संगणक म्हणजे 'क्लस्टर', म्हणजेच समूह. कुठला डबा कुठल्या संगणकावर ठेवायचा, एखादा संगणक बंद पडला तर त्यावरचे डबे कुठे हलवायचे, हे कोण पाहणार? माणूस तर वेडाच होईल!

त्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी २०१४ साली एक मुकादम जगापुढे आणला. त्याचं नाव 'कुबरनेटिस'. हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, जहाजाचं सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल म्हणा ना!

या मुकादमाची काम करायची पद्धत मोठी मजेशीर आहे. त्याला 'हे कर, मग ते कर' असं सांगायचं नसतं. फक्त एका कागदावर लिहून द्यायचं, 'या कार्यक्रमाच्या दहा प्रती सतत चालू हव्यात.' बस्स! मुकादम मोजत बसतो. हव्यात किती? दहा. आहेत किती? नऊ. लगेच एक नवी सुरू! रात्री तीन वाजता एखादा संगणक बंद पडला, तरी तो कुणाला उठवत नाही. दुसऱ्या संगणकावर प्रती सुरू करतो आणि पुन्हा मोजायला लागतो. गर्दी वाढली की कागदावरचा आकडा दहाचा शंभर करायचा. अर्थात, शंभर डबे ठेवायला संगणकही तेवढे हवेत, बरं का!

हजर! आणि तयार?

पण डबा ठीक आहे, हे मुकादमाला कळतं कसं? अगदी तुमच्या वर्गासारखं. तो हजेरी घेतो! वेगळं काही सांगितलं नसेल, तर दर दहा सेकंदांनी विचारतो, "जिवंत आहेस का?" सलग तीनदा उत्तर आलं नाही, की तो डबा बंद करून नव्याने सुरू करतो.

दुसरा प्रश्न असतो, "तयार आहेस का?" वर्गात 'हजर' म्हणणारा प्रत्येक जण काही वही उघडून बसलेला नसतो! नुकताच सुरू झालेला डबा जिवंत असतो, पण कामाला तयार नसतो. म्हणून तो 'तयार' म्हणेपर्यंत त्याच्याकडे एकही पाहुणा पाठवला जात नाही.

नवी आवृत्ती बसवायची असली, तर? गावाकडे घराची कौलं बदलताना पाहिलंत? अख्खं छप्पर एकदम उतरवत नाहीत. एक ओळ काढायची, नवी बसवायची, मग पुढची. खाली घरात स्वयंपाक चालूच! मुकादमही तसंच करतो. थोडे जुने डबे काढतो, थोडे नवे लावतो. नवे नीट 'तयार' म्हणाले, तरच पुढे सरकतो. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली, तर पुन्हा जुनी कौलं चढवता येतात.

चार नाड्या

मग माणसाचं काम संपलं? छे! मुकादमाला फक्त 'जिवंत की मेलेला' एवढंच कळतं. समजा, सगळे डबे 'हजर, हजर' ओरडताहेत, पण आतली माहितीची कोठी इतकी मंद झालीय की प्रत्येक पाहुण्याला अर्धा मिनिट थांबावं लागतंय. मुकादम खूश आणि पाहुणे हैराण!

म्हणून वैद्य जशी नाडी पाहतो, तशी अभियंते कार्यक्रमाची नाडी पाहतात. मुख्य नाड्या चार. उत्तर द्यायला किती वेळ लागतो? किती जण येताहेत? किती जणांना चूक उत्तर किंवा नकार मिळतोय? आणि क्षमता किती भरत आली? हे आकडे गोळा करणारं एक प्रसिद्ध साधन म्हणजे 'प्रोमिथिअस'. जर्मनीतल्या बर्लिन शहरात, साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत २०१२ साली त्याचं काम सुरू झालं. ठरावीक सेकंदांनी ते प्रत्येक डब्याकडे जाऊन आकडे टिपून आणतं. त्यांचे आलेख पडद्यावर दिसतात आणि आकडा धोक्याच्या रेषेपलीकडे गेला, की पाळीवर असलेल्या अभियंत्याचा फोन वाजतो. मग रात्रीचे तीन का वाजले असेनात!

इथे एक धोका आहे. लहानसहान कारणांवरून फोन वाजायला लागला तर? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आठवा! रोज खोटी हाक आली, की खऱ्या हाकेला कुणी उठत नाही. म्हणून इशारा कशासाठी द्यायचा, हे ठरवणं फार जबाबदारीचं काम आहे. नियम साधा. पाहुण्याला त्रास होत असेल, तरच झोपमोड करायची.

उडत्या विमानाचं इंजिन

आता पुन्हा आपल्या गोष्टीकडे. जपान म्हणजे पोकेमॉनची जन्मभूमी. तिथे तर गर्दीचा महापूर येणार! त्याआधी समूहात हजाराहून जास्त नवे संगणक जोडायचे होते आणि त्यासाठी खुद्द मुकादमाचीच नवी आवृत्ती बसवणं भाग होतं. तीही लाखो मुलं खेळत असताना! उडत्या विमानाचं इंजिन बदलण्यासारखंच हे. अभियंत्यांनी ते जपून, पायरीपायरीने केलं.

२२ जुलै २०१६ रोजी जपानमध्ये खेळ सुरू झाला. पहिल्याच दिवशी नाव नोंदवणारे खेळाडू अमेरिकेतल्या पहिल्या दिवसाच्या तिप्पट होते. आणि या वेळी कसलीही गडबड झाली नाही! दोन आठवड्यांपूर्वीची तारांबळ त्यांना खूप काही शिकवून गेली होती.

करून पाहा

शाळेजवळच्या वडापावच्या गाडीवर मधल्या सुट्टीत दहा मिनिटं वही घेऊन उभे राहा. किती जण आले? प्रत्येकाला किती वेळ थांबावं लागलं? किती जण कंटाळून परत गेले? कढईत आणखी किती वडे मावले असते? झाल्या की चार नाड्या! आता सांगा, काकांनी दुसरी कढई घ्यावी की पैसे घ्यायला एक माणूस ठेवावा? उत्तर अंदाजाने नको, वहीतल्या आकड्यांवरून द्या.

आणि हो, पुढच्या निकालाच्या दिवशी चक्र फिरायला लागलं, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. तुमची प्रत्येक टिचकी म्हणजे दारावर आणखी एक पाहुणा! सगळ्यांनी थोडा दम धरला, तर दारही लवकर मोकळं होईल आणि ताईचा निकालही लवकर दिसेल. तोवर आजीने केलेला शिरा खायला काय हरकत आहे?