बाक आधी, आवाज नंतर!

कर्जत-खालापूरचा कातळ म्हणजे काळा बेसाल्ट. कर्जत-पनवेल लोहमार्गावरील वावर्ल्याचा सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा बोगदा याच कातळातून खोदला गेला. समजा, शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर सुरुंग उडाला. प्रथम बाक थरथरते. आवाज सुमारे दीड सेकंदाने येतो. असे का? बेसाल्टमधून कंपने सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावतात, हवेतून ध्वनी केवळ ३४० मीटर.

सुरुंग क्षणाचा, यंत्रांची घरघर दिवसभराची. गुरुजींचा आवाज १ मीटरवर ६० डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ४ मीटरवर उरले ४८. वर्गात भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीची त्यात भर पडते. वर्गात घरघर ५० डेसिबल असेल तर? क्षीण व्यंजने आधी बुडतात. 'सात' की 'साठ', हे शेवटच्या बाकाला कळत नाही! जागतिक आरोग्य संघटनेने वर्गासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचविली आहे, ती यासाठीच.

मग उपाय काय? सुरुंग एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडविले, की हादरा विभागला जातो. यंत्राजवळ उंच आडोसा उभारावा. गोंगाटाची कामे शाळा सुटल्यावर करावीत. २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल.

एक प्रयोग करा. मित्राला फळ्याजवळून २० शब्द वाचायला सांगा आणि शेवटच्या बाकावर बसून ते लिहा. एकदा काम चालू असताना, एकदा बंद असताना. चुका मोजा. तो तक्ता मुख्याध्यापकांच्या अर्जाला जोडला, तर तक्रारीचा पुरावा होईल!