परवान्याचे पैसे

तुमच्या घरात दादा-दादी किंवा नाना-नानी असतील, तर त्यांना विचारा : "पूर्वी रेडिओला परवाना लागत असे, हे खरे का?" ते बहुधा हसतील. एखाद्या घरी तर जुन्या पेटीतून एक लहानसे पुस्तकही निघेल. त्याच्या पानांवर तिकिटे चिकटवलेली असतील आणि तिकिटांवर पोस्टाचे गोल शिक्के असतील. एके काळी हे पुस्तक जवळ असल्याशिवाय घरात रेडिओ ठेवता येत नसे.

परवाना हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दू शायरीत शमेभोवती फिरणारा परवाना तुम्हांला माहीत आहे. मराठीत त्याला पतंग म्हणतात. येथे परवाना म्हणजे सरकारची लेखी परवानगी. उर्दूतही या शब्दाचा हा दुसरा अर्थ आहेच. बंदुकीला परवाना लागतो, वाहन चालवायला लागतो, तसाच तो रेडिओलाही लागत असे. दरवर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट लावून घ्यायचे. १९७० च्या दशकात रेडिओसाठी वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीसाठी ५० रुपये भरावे लागत. निरीक्षक येऊन पुस्तक तपासू शकत असे. ते नसले तर दंड होई. कधी रेडिओही जप्त होई.

रेडिओ आपण दुकानातून विकत घेतो. मग तो ऐकण्यासाठी पुन्हा पैसे कशाला? कारण रेडिओ हे केवळ यंत्र आहे. त्यातून जे ऐकू येते, ते तयार करायला माणसे लागतात. बातमीदार, गायक, वादक, निवेदक, तंत्रज्ञ या सर्वांना पगार द्यावा लागतो. शिवाय यात एक अडचण आहे. दूधवाला पैसे न देणाऱ्याचे दूध बंद करू शकतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींना मात्र कोणाचे घर वगळून पुढे जाता येत नाही. म्हणून खर्च भागवण्याचे मार्ग थोडेच उरतात. ऐकणाऱ्याने परवान्याचे पैसे द्यावेत, व्यापाऱ्याने जाहिरातीचे द्यावेत, किंवा सरकारने खजिन्यातून द्यावेत. आणि जो पैसे देतो, त्याचा शब्द थोडाफार चालतोच.

आपल्या देशात परवान्याच्या पैशावर रेडिओ चालवण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. परवान्याची फी वर्षाला १० रुपये होती. त्यांतले ८ रुपये कंपनीला मिळत. हिशेब कागदावर चांगला दिसत होता. पण रेडिओ संच महाग होते. केंद्राचा आवाज जेमतेम ५० किलोमीटरपर्यंत नीट पोहोचत असे. शिवाय अनेकजण परवाना न घेताच ऐकत. तीन वर्षांतही साऱ्या हिंदुस्थानात आठ हजार परवाने झाले नाहीत. तेवढ्या पैशांत दोन केंद्रे कशी चालणार? १९३० च्या मार्च महिन्यात कंपनी बुडाली.

मग सरकारने दोन्ही केंद्रे आपल्या हाती घेतली. १९३१ साली सरकारनेही ती बंद करायचे ठरवले होते. लोकांनी विरोध केला, म्हणून ती वाचली. १९३३ साली नवा कायदा झाला आणि विनापरवाना रेडिओ संच बाळगणे हा गुन्हा ठरला. १९३६ साली या संस्थेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. म्हणजे आपल्याकडे परवाना राहिला, पण रेडिओ सरकारी झाला. श्रोत्याचे पैसे सरकारकडे जात आणि रेडिओला किती द्यायचे, ते सरकार ठरवी.

परवान्याची ही पद्धत ब्रिटनमधून आली होती. तेथे १९२२ साली बीबीसीची स्थापना झाली आणि रेडिओसाठी वर्षाला १० शिलिंग फी ठरली. १९४६ साली टीव्हीचा परवाना आला. रेडिओचा परवाना १९७१ मध्ये रद्द झाला, पण टीव्हीचा अजून आहे. एप्रिल २०२५ पासून त्याची फी वर्षाला १७४.५० पौंड झाली. आपल्या हिशेबाने हे सुमारे वीस हजार रुपये होतात! २ कोटी ३० लाखांहून अधिक परवाने तेथे आहेत. या पैशामुळे ब्रिटनमधील बीबीसीच्या वाहिन्यांवर साबणाची किंवा मोटारीची जाहिरात लागत नाही. बातमी देताना कोणत्या कंपनीला राग येईल, याचा विचार संपादकाला करावा लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

पण या पद्धतीला एक दोरी आहे आणि तिचे टोक सरकारच्या हातात आहे. फी किती असावी, ते शेवटी मंत्री ठरवतात. २०२२ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने जाहीर केले, की दोन वर्षे फी १५९ पौंडच राहील. महागाई तर वाढत होती. मग काटकसर सुरू झाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये बीबीसीने दहा भाषांतील रेडिओ प्रसारण बंद करण्याचे जाहीर केले. त्या दहा भाषांत अरबी, फारसी, हिंदी, बंगाली आणि उर्दू होत्या. परदेशांसाठी चालणाऱ्या या सेवेचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटिश सरकारचे परराष्ट्र खाते देत असे. नंतर तो मुख्यतः परवान्याच्या पैशावर आला. लंडनमध्ये फी थांबली आणि हजारो मैलांवरचा उर्दू आवाज थांबला. परवाना फीची चर्चा आपल्याला दूरची वाटते, पण ती इतकी दूरची नाही.

दुसरा दोष मला अधिक टोचतो. ही फी लखपतीला आणि मजुराला सारखीच. अंध व्यक्तीला तेथे निम्मी सूट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २००० सालापासून परवाना मोफत मिळत होता. ऑगस्ट २०२० पासून तो फक्त गरीब वृद्धांपुरता उरला. फी चुकवणाऱ्यावर खटला होतो आणि एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा खटल्यांत दर चार आरोपींपैकी जवळजवळ तीन स्त्रिया असतात. स्त्रिया अधिक अप्रामाणिक असतात, असे मुळीच नाही. निरीक्षक दार ठोठावतो तेव्हा घरी बहुधा त्याच असतात, हे त्याचे एक मोठे कारण.

आपल्याकडे काय झाले? १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९७६ मध्ये त्या दूरदर्शनवर आल्या. जाहिरातींचे उत्पन्न वाढत गेले आणि १९८० च्या दशकात परवाना रद्द झाला. रांगा संपल्या, निरीक्षकही गेला. लोकांना आनंद झाला आणि तो योग्यच होता. पुढे आकाशवाणी व दूरदर्शन यांच्यासाठी प्रसार भारती ही संस्था झाली. तिचा कायदा १९९० चा आहे, पण तो अमलात यायला १९९७ साल उजाडले. संस्थेला कायद्याने स्वायत्तता मिळाली, परंतु तिचा मोठा खर्च आजही सरकारी अनुदानातूनच भागतो.

आता मूळ प्रश्न. अशा संस्थांना अधिक पैसे द्यावेत का? माझ्या मते द्यावेत. कोकणातल्या मच्छिमाराला वादळाची सूचना हवी असते. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज आणि पिकाचा सल्ला हवा असतो. यांतून जाहिरातदाराला फारसा नफा नाही, म्हणून अशा कामाला तो आपणहून पुढे येत नाही. आकाशवाणीची उर्दू सेवा १९६५ पासून आहे आणि दूरदर्शनची उर्दू वाहिनी २००६ साली निघाली. केवळ नफा पाहिला असता, तर त्या निघाल्या असत्या का, याची मला शंका आहे.

मात्र ते पैसे जुन्या परवान्याच्या वाटेने येऊ नयेत. झोपडीतल्या टीव्हीला आणि बंगल्यातल्या टीव्हीला एकच फी लावणे आपल्या देशात शोभणार नाही. फिनलंडने २०१३ साली टीव्हीची फी काढून टाकली आणि उत्पन्नाप्रमाणे कर बसवला. कमी मिळवणाऱ्याला तो भरावाच लागत नाही. जर्मनीत फी घरटी आहे, पण ती किती हवी, याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग मांडतो. २०२० साली तेथील सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्याने फीवाढ अडवली. प्रकरण देशाच्या घटनात्मक न्यायालयात गेले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सबळ कारणाशिवाय राज्याला असे पैसे अडवता येणार नाहीत. फी महिना १८.३६ युरो झाली. पैसे लोकांनी द्यावेत आणि रकमेवर मंत्र्याचा हात नसावा, ही गोष्ट तेथे न्यायालयाने जपली.

फ्रान्सने २०२२ साली आपली टीव्ही फी रद्द केली. ब्रिटनमध्ये वाद चालूच आहे. बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. त्यानंतर परवाना राहील की जाईल, ते नव्या सनदेत ठरायचे आहे.