पोरांना आता लागतं कुठे?

इंग्लंडमध्ये 1999-2000 या वर्षात झाडावरून पडून इस्पितळात दाखल झालेली मुलं अठराशेच्या वर होती. 2006 पर्यंत हा आकडा अकराशेच्या खाली आला. त्याच काळात पलंगावरून पडणारी मुलं बावीसशेवरून पंचवीसशेच्या पुढे गेली. झाडं होती तिथेच होती, पोरं घरात आली होती.

डिंडोलीत चढण्याजोगी झाडंच मोजकी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूम्स आणि मिलच्या कामाला आलेल्या कुटुंबांनी सुरतेचा हा भाग भरला. रो हाउसला रो हाउस लागून, समोरच्या गल्लीत दुचाक्यांची रांग. संध्याकाळी ओट्यावर पाच डोकी एका मोबाइलवर वाकलेली दिसतात. ‘फ्री फायर मॅक्स’ हा गोळीबाराचा खेळ चालू असतो. ज्याच्या हातात फोन तो गप्प, बाकीचे चौघे ओरडतात, ‘‘अबे, रिव्हाइव्ह दे ना त्याला!’’ खरचटलेला गुडघा एकाचाही नाही.

मोबाइलने मैदान खाल्लं असं आपण पटकन म्हणतो. आकडे बघितले तर मैदान आधीच गेलेलं होतं. 2011 च्या जनगणनेत सुरत महापालिकेची लोकसंख्या 44.67 लाख, क्षेत्रफळ सुमारे 326 चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण 13,700 माणसं. केंद्राची 2014 ची नगररचना मार्गदर्शिका माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सांगते. किमान 10 चौरस मीटर धरले तरी शहराची जवळपास 14 टक्के जमीन मोकळी हवी. ही झाली सरासरी. कामगार वस्तीत एका चौरस किलोमीटरला 40,000 माणसं राहत असतील, तर त्याच हिशेबाने 40 टक्के जमीन मोकळी ठेवावी लागेल. मग माणसं राहणार कुठे? नियम लिहिणाऱ्याने हा गुणाकार करून बघितला होता की नाही कोण जाणे.

उरला रस्ता. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 18 वर्षांखालील 9,528 मुलं गेली, दिवसाला सरासरी 26. बारा तासांच्या पाळीवर गेलेल्या बापाला आणि घरी बसून साडीला लेस-टिकल्या लावणाऱ्या आईला हा आकडा पाठ नसतो, पण ‘‘रोडवर जाऊ नको’’ हे त्याचंच भाषांतर आहे. त्यात 2014 मध्ये एक जीबी डेटा सरासरी 269 रुपयांना पडायचा, तो 2016 नंतर घसरत घसरत नऊ-दहा रुपयांवर आला. पोराला नजरेसमोर बसवून ठेवायची याहून स्वस्त सोय दुसरी नाही. आईला दोष देणाऱ्याने तिच्या दिवसाचे तास मोजावेत.

पूर्वी उन्हाळ्याची सुटी या सगळ्यावर उतारा असायची. तापी लाइनची गाडी धरायची, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत गावी उतरायचं आणि विहीर, निंब, विटीदांडू यांतून एखादी जखम घेऊन परतायचं. आता गावातही तेच. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या 36 टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, 2021 मध्ये जवळपास 68 टक्के. 2024 मध्ये 14 ते 16 वयाच्या मुलांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास पोचलं.

बंदी घालूनही झालं. जानेवारी 2019 मध्ये गुजरात सरकारने प्राथमिक शाळांत ‘पबजी’ हा मोबाइलवरचा खेळ रोखायचं परिपत्रक काढलं. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने खेळच बंद केला, 2021 मध्ये तो नाव बदलून परत आला.

मोडलेला हात इस्पितळाच्या नोंदीत येतो. डोळ्याला चढलेला नंबर दुखापत म्हणून कुणी मोजत नाही, आणि खरी वाढ तिथेच आहे. दिल्लीत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 5 ते 15 वयाच्या 7.4 टक्के मुलांना लांबचं धूसर दिसत होतं, म्हणजे मायोपिया होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्याच शाळांतल्या पाहणीत प्रमाण 13.1 टक्के निघालं. दोन्ही पाहण्या स्वस्त डेटाच्या आधीच्या आहेत, हे विसरू नये. एकटा मोबाइल गुन्हेगार नाही. जवळून बघणं आणि उजेड न मिळणं, दोन्ही मिळून नेत्रगोल लांबतो. वहीत नाक खुपसून बसलेला हुशार मुलगाही त्यात आला. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 6 ते 14 वयाची शिकणारी मुलं शाळा धरून अभ्यासात दिवसाला सरासरी 413 मिनिटं घालवताना दिसली. जवळजवळ सात तास.

मैदानी दुखापत संपलीय असंही नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत सगळं सुरत धाब्यावर असतं. पतंगामागे मागे सरकत कठडा संपल्याचं कळत नाही, आणि 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातलेला नायलॉन मांजा अजून गळे कापतो. मोकळ्यावर खेळायचे दिवस इतके कमी राहिले की सवयीने येणारा अंदाजही गेला, असं मला वाटतं.

डोळ्यांपुरता तरी उपाय मैदानाइतका महाग नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या 12 प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या शाळांनी रोज 40 मिनिटं जादा मुलांना बाहेर काढलं. तीन वर्षांत तिथल्या 30.4 टक्के मुलांना मायोपिया झाला, बाकीच्या शाळांत 39.5 टक्क्यांना. शंभरात नऊ मुलांचा फरक. वर्गात ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतही त्याच्या कितीतरी पट. डोळ्याला धावपट्टी लागत नाही, आकाश लागतं. डिंडोलीतल्या शाळेला आवार लहान असेल, पण अभ्यासाच्या 413 मिनिटांतली 40 मिनिटं तिथे बसवता येतात. कडक उन्हाळ्यात सकाळची पहिली तासिका, एरवी कुठलीही.