विहिरीच्या पाण्याचा दाखला मागून घ्या



एकरी टनेज किती पडलं, काट्यावर वजन किती भरलं, पहिला हप्ता कधी जमा झाला, हे आपल्या सभासदाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. मातीचा नमुना दिला तर अहवाल हातात पडेपर्यंत शेतकी खात्यात दोन चकरा होतात. पण ज्या विहिरीचं पाणी घरातली लहानथोर मंडळी रोज पितात, तिची तपासणी शेवटची कधी झाली आणि काय निघालं, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं : "ते ग्रामपंचायत बघते."

ग्रामपंचायत बघते हे खरंच आहे. सार्वजनिक विहीर, बोअर, नळयोजना यांचे नमुने काढले जातात, प्रयोगशाळेत जातात, त्यांचे अहवाल येतात आणि फायलीला लागतात. ही माहिती गुप्त नाही. आपल्याच पैशातून झालेल्या कामाची ती नोंद आहे. ती आपण मागत नाही, इतकंच. म्हणून ती कोठे असते आणि हातात आली तर वाचायची कशी, याचा थोडा खुलासा या अंकात करीत आहोत.

पुष्कळांना माहीत असतं ते कार्ड. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या अगोदर आणि नंतर, आरोग्य खात्याची माणसं गावातल्या पाण्याच्या ठिकाणांची स्वच्छता पाहणी करतात. विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचतं का, पाइप गळतो का, टी.सी.एल. पावडर शिल्लक आहे का आणि ती नेमाने टाकली जाते का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे जोखीम तीव्र, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. सलग पाच वर्षे हिरवं राहिलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. पद्धत चांगली आहे. गावाला लाल कार्ड मिळालं असेल तर ते कशामुळे, हे ग्रामसभेत उभं राहून विचारलंच पाहिजे.

मात्र हिरवं कार्ड पाहून निर्धास्त होऊ नये. ते कार्ड स्वच्छतेचं आहे. पाण्यात विरघळून काय आलंय, ते कार्डावर लिहिलेलं नसतं. आणि आपल्या बागायती पट्ट्यात नेमकी तीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी साधारण ३५० किलो युरिया होतो, म्हणजे ४५ किलोची पावणेआठ पोती. शिफारस चार हप्त्यांत द्यायची आहे, पण सवड आणि मजूर मिळेल तसं पुष्कळ जण दोनदाच उरकतात, वर हात सैल सोडतात आणि पाठोपाठ पाटाने भरपूर पाणी देतात. पिकाने उचललं ते उचललं. उरलेल्या नत्राचं नायट्रेट होतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. ओढ्याकाठची पिण्याची विहीर त्याच पाण्यावर भरते. गोठ्याचा निचरा, उकिरडा आणि शोषखड्डे यांचीही त्यात भर पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालात महाराष्ट्रातून तपासलेल्या भूजल नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं आहे.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी गोड लागतं, डाळही शिजते. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, विशेषतः वरचं दूध याच पाण्यात कालवून देत असतील तर. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर दिसू लागतात. असं दिसलं तर अंगारा-धुपारा करीत न बसता तडक दवाखाना गाठावा. आणि एक गोष्ट घरातल्या बायामाणसांना जरूर सांगा : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. टी.सी.एल. टाकूनही ते जात नाही.

आता अहवाल वाचायचा कसा? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आय.एस. १०५००, सन २०१२ चं. त्यातले तीन-चार आकडे लक्षात ठेवले तरी काम भागतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, त्यापुढे सवलत नाही. (एखाद्या अहवालात तोच आकडा नायट्रोजनच्या हिशेबात दिलेला असतो, तेव्हा मर्यादा साधारण १० ची धरावी. नाहीतर १८ आकडा पाहून माणूस खूष व्हायचा.) फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. विरघळलेले एकूण क्षार ५०० पर्यंत चांगले, नाइलाजाने २००० पर्यंत. आणि जंतूंच्या तपासणीत १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आढळता कामा नये. अहवालाच्या तळाशी "पिण्यास योग्य" असा शिक्का असतो. तो नुसत्या जंतूंच्या तपासणीवरचा आहे की रासायनिक तपासणीवरचाही, हे आधी पाहा. दोन्ही कागद वेगवेगळे असतात आणि गावात सहसा पहिलाच दाखवला जातो.

हे कागद प्रथम ग्रामपंचायतीत मागावेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा करावयाची आहे, शिवाय गावातल्या पाच महिलांना तपासणी पेटी वापरायला शिकवावयाचे आहे. त्या पाच जणी आपल्या गावात कोण, याची चौकशी करा. पेटी कपाटात कुलपात असेल तर तेही कळेल. भूगर्भातल्या पाण्याची पातळी आणि गुणवत्ता यांच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात असतात. कोणी टोलवाटोलवी केली तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहेच. साधा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. अर्जात गाऱ्हाणं लिहीत बसू नये. "अमुक विहिरीच्या मागील तीन वर्षांच्या रासायनिक व जैविक तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात" एवढं एक वाक्य पुरतं.

आता आपल्याच घरातली एक बाब. साखर कारखाने आणि आसवन्या यांची गणना जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत होते, हे सभासदांपासून लपवण्यात अर्थ नाही. परिसरातल्या विहिरीचं पाणी तांबूस दिसू लागलं, वास येऊ लागला, तर विचारायचं कोणाला? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे सरकारचं भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण नसलेली सहकारी संस्था थेट माहिती अधिकाराखाली येत नाही. पण प्रदूषण नियंत्रण मंडळ येतं, आणि कारखान्याला दिलेलं संमतीपत्र, त्यातल्या अटी, तपासणीचे अहवाल हे मंडळाच्या दफ्तरी असतात. ते कोणीही मागू शकतो. आमचं स्वतःचं मत असं की मालक असलेल्या सभासदाला एवढा वळसा घालायला लावूच नये. परिसरातल्या विहिरींचे अहवाल, चांगले असोत वा वाईट, कारखान्याने या पत्रिकेत छापावेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनी आणावा.

ज्यांची विहीर खाजगी आहे आणि घरचे तेच पाणी पितात, त्यांचा नमुना सरकार आपणहून काढणार नाही. तो आपणच न्यावा, शासकीय प्रयोगशाळेत माफक फी घेऊन तपासून देतात. रासायनिक तपासणीला स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये, बुचाला आतून बोट लावू नये, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचती करावी. चिठ्ठीवर विहिरीचा गट नंबर, तारीख आणि शेवटचा खताचा हप्ता कधी दिला ते लिहावे.