मुक्काम ठरवावा उंचीवरून

मनाली ते लेह हा सुमारे ४३० किलोमीटरचा रस्ता वर्षातील मोजकेच महिने खुला असतो. मोटारीने जाणारे प्रवासी वाटेत तंबूत मुक्काम करतात. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौल खोऱ्यात लवकर पोहोचता येते; त्यामुळे पहिल्याच दिवशी सारचू गाठण्याचा मोह होतो. तो टाळणे हिताचे.

मनालीची उंची सुमारे २,००० मीटर, जिस्पाची ३,२००, तर सारचूची ४,३०० मीटर आहे. सारचू येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. सवय नसलेल्या शरीरास तेथे डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश जाणवू शकतो आणि रात्री हा त्रास बळावतो.

अशा वेळी खाली उतरणे हाच खरा उपाय. परंतु सारचूची अडचण अशी, की तेथून उतरण्यासाठीही आधी चढावे लागते. मागे सुमारे ४,९०० मीटर उंचीची बारालाचा खिंड, तर पुढे ५,००० मीटरहून उंच असलेली लाचुलुंग खिंड!

म्हणून प्रथम केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढाव्यात. टांडी येथे इंधन भरावे, केलाँग येथे रोख रक्कम काढून घ्यावी. डोके दुखत असेल, तर पुढे चढू नये. लेहहून परतताना मात्र शरीर उंचीला सरावलेले असल्याने सारचूचा मुक्काम सुसह्य होतो.

हाताशी राखलेला एक जादा दिवस, हीच या प्रवासातील खरी शिल्लक होय.